कागदावरचे कलम खरे झाले आणि सोव्हिएत संघ मोडला

प्रश्न असा आहे: "अर्थव्यवस्था ढासळली म्हणून सोव्हिएत संघ फुटला असे आमच्या नोट्समध्ये आहे. मग उपाशी उत्तर कोरिया कसा टिकला? क्यूबा कसा टिकला? हजारो अण्वस्त्रे, एवढे मोठे सैन्य आणि केजीबी हाताशी असताना देश युद्ध न होता कसा मोडतो? गोर्बाचेव्ह मूर्ख होते की अमेरिकेला विकले गेले होते?"

विचारणारी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या नोट्समध्ये विघटनाची सात कारणे क्रमांक घालून दिली आहेत आणि पहिल्या क्रमांकावर 'आर्थिक अरिष्ट' आहे. परीक्षेत तेच लिही, गुण मिळतील. पण तिची शंका बरोबर आहे, आणि ती शंका सातही कारणांच्या पलीकडे जाते.

मी अठ्ठावीस वर्षे हा विषय शिकवला. पहिली पाच-सहा वर्षे मीही 'अर्थव्यवस्था' हेच सांगत होतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग १९३३ साली का नाही कोसळला? तेव्हा तर माणसे उपासमारीने लाखोंनी मेली." माझ्याजवळ उत्तर नव्हते. तासाची घंटा झाली म्हणून वाचलो. १९३२-३३ चा दुष्काळ, १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीपर्यंत आलेले जर्मन सैन्य, १९४६-४७ चा पुन्हा दुष्काळ, एवढे सगळे पचवून जे राज्य उभे राहिले, ते १९९१ मध्ये दुकानात सॉसेज नाही म्हणून कसे पडेल? १९८५ चा सोव्हिएत नागरिक त्याच्या आजोबांपेक्षा कितीतरी बरा जेवत होता.

त्या प्रश्नाने मला पुन्हा मूळ कागदपत्रांकडे जायला लावले. पुढे मी पहिल्याच तासाला फळ्यावर १९७७ च्या सोव्हिएत राज्यघटनेतली दोन कलमे शेजारी शेजारी लिहू लागलो. कलम ७२: प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाला सोव्हिएत संघातून मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क आहे. कलम ६: सोव्हिएत समाजाला नेतृत्व आणि दिशा देणारी शक्ती, राज्यव्यवस्थेचा गाभा, म्हणजे कम्युनिस्ट पक्ष.

मुले आधी हसायची. बाहेर पडायचा हक्क, तोही सोव्हिएत संघात? पण तो तिथे होता, आणि १९३६ च्या स्टालिनच्या घटनेतही होता. कारण १९२२ च्या डिसेंबरात हा देश जन्माला आला तोच करार करून. स्टालिनला युक्रेन वगैरे सगळे रशियाच्याच पोटात स्वायत्त प्रांत म्हणून घ्यायचे होते. आजारी लेनिनने हट्ट धरला की नाही, सगळी प्रजासत्ताके समान दर्जाने एका संघात येतील. लेनिनचे चालले. त्यामुळे पुढे वाढत वाढत पंधरा झालेल्या या प्रजासत्ताकांना प्रत्येकी सीमा होत्या, राजधानी होती, संसद होती, झेंडा होता, परराष्ट्र मंत्रालयाची पाटीही होती. बाबासाहेबांनी आपल्या घटना समितीत मुद्दाम स्पष्ट केले होते की भारताचा संघ हा राज्यांनी आपसात केलेल्या कराराचे फळ नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. सोव्हिएत घटनेने नेमके उलटे लिहून ठेवले होते.

मग सत्तर वर्षे कोणी बाहेर का पडले नाही? कलम ६ मुळे. हे कलम स्वतः १९७७ चे असले, तरी त्यामागची वस्तुस्थिती पहिल्या दिवसापासूनची होती. पक्ष मात्र संघराज्य नव्हता. तो एकसंध होता, वरून खाली हुकूम जाणारा. ताश्कंदच्या कारखान्याचा व्यवस्थापक कागदोपत्री उझबेक प्रजासत्ताकाचा नागरिक, पण त्याची नेमणूक, बढती आणि बदली पक्षाच्या यादीतून व्हायची. त्या यादीला रशियनमध्ये 'नोमेनक्लातुरा' म्हणतात. मध्य आशियातल्या किंवा कॉकेशसमधल्या प्रजासत्ताकाचा पहिला सचिव बहुधा स्थानिक असे आणि दुसरा सचिव मॉस्कोहून पाठवलेला रशियन किंवा युक्रेनियन. पहिल्याचा फोटो वर्तमानपत्रात, दुसऱ्याचा डोळा नेमणुकांवर. पंधरा मण्यांची माळ होती, आणि दोरा पक्षाचा होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. अर्थव्यवस्थेने हा देश आजारी पाडला हे खरे. पण तो मोडला तो दोरा तुटल्यामुळे. आणि दोरा बाहेरच्या कोणी तोडला नाही, पक्षाच्या सरचिटणीसानेच, म्हणजे सर्वोच्च नेते असलेल्या गोर्बाचेव्हनीच, तो उसवायला घेतला.

आर्थिक भाग थोडक्यात उरकतो, कारण तो नोट्समध्ये असेलच. शेती कधीच सुधारली नाही. १९६३ पासून धान्य आयात सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात वर्षाला काही कोटी टन धान्य बाहेरून यायचे. त्याचे डॉलर सैबेरियातल्या तेलातून निघायचे. १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि हिशेब बिघडला. त्यात मे १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम काढली. हेतू उत्तम, पण व्होडकावरचा महसूल बुडाला आणि लोक घरी दारू गाळू लागले, त्यासाठी दुकानातली साखर गायब झाली. अफगाणिस्तानात सुमारे १५ हजार सैनिक मेले. चेर्नोबिलचा खर्च वेगळाच. हे सगळे मिळून एका श्रीमंत नसलेल्या देशाला बरेच जड झाले. पण अशा अवस्थेत रखडत रखडत आणखी वीस वर्षे काढता आली असती, हे माझे प्रामाणिक मत आहे. केजीबी शाबूत होती, सैन्य शाबूत होते, रस्त्यावर कोणी नव्हते.

आता गोर्बाचेव्ह. अडीच वर्षांत ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को असे तीन सरचिटणीस पुरल्यानंतर ११ मार्च १९८५ ला ५४ वर्षांचा हा माणूस आला. पहिली दोन-तीन वर्षे त्यांनी कारखाने सुधारायचा खटाटोप केला. आदेश निघायचे, खाली जाऊन जिरायचे. प्रांतिक सचिव मान डोलवायचे आणि काही करायचे नाहीत. ख्रुश्चेव्ह या आधीच्या नेत्याला १९६४ मध्ये याच यंत्रणेने घरी बसवले होते, हे गोर्बाचेव्ह विसरले नव्हते. म्हणून १९८८ मध्ये त्यांनी ठरवले की पक्षयंत्रणेला वळसा घालायचा. लोकांनी निवडलेल्या सोव्हिएतांकडे, म्हणजे कागदावर आधीपासून असलेल्या संसदांकडे, खरी सत्ता द्यायची. त्या शरद ऋतूत केंद्रीय समितीच्या सचिवालयाचे पंख छाटले. तिची वीसेक खाती होती, ती नऊवर आणली. अर्थव्यवस्थेची बारीकसारीक देखरेख करणारी खाती गेली.

पाठ्यपुस्तके ही गोष्ट एका ओळीतही सांगत नाहीत. मला विचाराल तर बर्लिनच्या भिंतीपेक्षा ही मोठी घटना आहे. साराटोव्हचे धान्य बाकूला वेळेवर पोचले नाही तर फोन करून झापणारा माणूस याच खात्यात बसायचा. तो उठून गेला, आणि त्याच्या जागी बाजार आला नाही. नंतर दुकाने जी रिकामी झाली त्यात याचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे राजकारणाने अर्थकारण पाडले, हे उलट्या दिशेचे कारणही लक्षात ठेव.

२६ मार्च १९८९ ची निवडणूक आता जरा जवळून पाहू. सोव्हिएत मतपत्रिकेवर नको असलेल्या नावावर काट मारायची पद्धत होती. पूर्वी एकच नाव असायचे. लोक पत्रिका घ्यायचे, घडी करायचे, पेटीत टाकायचे. काट न मारलेली पत्रिका म्हणजे होकार. पडद्याआड जाणारा माणूस काट मारायलाच गेला असणार, म्हणून तिकडे जायचीच हिंमत नसे. १९८९ मध्ये लोक पडद्याआड गेले. लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव्ह हे पॉलिटब्यूरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे, उमेदवार-सदस्य. त्यांच्यासमोर दुसरा उमेदवारच नव्हता. तरी ते पडले, कारण निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांच्या नावावर काट मारली. एकट्याने शर्यत लावून हरणे हे राजकारणात क्वचितच कोणाच्या नशिबी येते. मॉस्कोत गोर्बाचेव्हनी दीड वर्षापूर्वी शहराच्या पक्षप्रमुखपदावरून हाकलून लावलेले येल्तसिन जवळजवळ ८९ टक्के मते घेऊन आले.

२,२५० प्रतिनिधींची ही काँग्रेस, म्हणजे नवी संसद, मे महिन्यात बसली आणि तिचे कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दाखवले. लोक कामावर ट्रान्झिस्टर घेऊन गेले. अंतराळातून पृथ्वी पाहिलेल्यांच्या देशाने आयुष्यात पहिल्यांदा सरचिटणीसाला कोणी उलट प्रश्न विचारताना पाहिले. हद्दपारीतून परत आलेले अणुशास्त्रज्ञ आणि राजवटीचे टीकाकार साखारोव्ह व्यासपीठावरून बोलत होते आणि सभागृह त्यांना ओरडून गप्प करत होते, आणि हे सगळे घरात बसून दिसत होते. भीती गेली. हुकूमशाही भीतीवर चालते असे म्हणण्यापेक्षा मी म्हणेन, ती 'शेजारीही घाबरतो' या खात्रीवर चालते. ती खात्री त्या दोन आठवड्यांत गेली.

जुलैमध्ये सैबेरियातल्या कुझबास भागात मेझदुरेचेन्स्क या गावी खाणकामगारांनी काम थांबवले. त्यांच्या मागण्यांत एक मागणी साबणाची होती. दिवसभर कोळशात राबून वर आलेल्या माणसाला अंग धुवायला साबण मिळत नव्हता, आणि हे कामगारांचे राज्य म्हणवत होते. संप डोनबास, व्होर्कुटा, कारागांडापर्यंत पसरला, लाखो कामगार बसून राहिले. महासत्ता असल्याचा पुरावा अवकाशात फिरत होता आणि खाली साबण नव्हता. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली की पुढे काही समजावावे लागत नसे.

बाल्टिक प्रजासत्ताकांचा प्रश्न वेगळा होता. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया १९४० मध्ये बळाने घेतलेली, त्याआधी वर्षभर २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी केलेल्या करारातल्या गुप्त कलमांनुसार. मॉस्को पन्नास वर्षे म्हणत होते की अशी कलमेच नाहीत. २३ ऑगस्ट १९८९ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, टालिनपासून रिगामार्गे व्हिल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब माणसांची साखळी उभी राहिली, सुमारे २० लाख माणसे हातात हात धरून. त्याच डिसेंबरात सोव्हिएत काँग्रेसनेच ती गुप्त कलमे अवैध ठरवली. आणि त्याच महिन्यात लिथुआनियाचा कम्युनिस्ट पक्ष मॉस्कोच्या पक्षापासून वेगळा झाला. दोऱ्याचा पहिला पीळ इथे सुटला. ११ मार्च १९९० ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी मॉस्कोत कलम ६ मधली पक्षाची मक्तेदारी काढून टाकली गेली. आता कलम ७२ एकटे उरले.

मॉस्कोला जाग आली ती एप्रिलमध्ये. बाहेर पडायचे असेल तर कसे, याचा कायदा केला: दोन तृतीयांश मतांनी सार्वमत, मग पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ, वगैरे. हक्क घटनेत १९२४ पासून आणि त्याची कार्यपद्धती १९९० मध्ये, तीही एक जण निघून गेल्यावर! आपल्याकडच्या सरकारी कारभाराची सवय असलेल्यांनाही हे जरा जास्तच वाटेल.

तरीही तीन छोटी बाल्टिक प्रजासत्ताके गेल्याने महासत्ता मोडत नाही. मोडली ती रशियामुळे. हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी शिकवला जाणारा.

पंधरा प्रजासत्ताकांत रशिया इतका मोठा की स्टालिनपासून सगळ्यांनी एक काळजी घेतली होती. चौदा प्रजासत्ताकांना स्वतःची कम्युनिस्ट पक्षाची शाखा होती, रशियाला नव्हती. कारण रशियाचा वेगळा पक्ष म्हणजे मॉस्कोतच दुसरे सिंहासन. १९४९ च्या 'लेनिनग्राड प्रकरणात' ज्यांना गोत्यात आणले आणि पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या, त्यांच्यावर रशियन पक्षाचा विचार केल्याचाही ठपका होता. बाहेरून पाहणाऱ्याला सोव्हिएत संघ म्हणजे रशियाचे साम्राज्य वाटते. आतल्या रशियन माणसाला वाटायचे, सगळ्यांना पोसतो आपण आणि स्वतःचे म्हणून आपल्याकडे काहीच नाही. दोन्ही समज एकाच वेळी खरे असू शकतात.

१९९० च्या वसंतात प्रजासत्ताकांच्या संसदांच्या निवडणुका झाल्या. २९ मेला येल्तसिन रशियन संसदेचे अध्यक्ष झाले. १२ जूनला त्या संसदेने रशियाचे सार्वभौमत्व जाहीर केले, आणि त्यात म्हटले की रशियाच्या भूमीवर रशियाचे कायदे संघाच्या कायद्यांपेक्षा वरचढ राहतील. ९०७ विरुद्ध १३. या ९०७ मध्ये कम्युनिस्टांचा भरणा होता, कट्टरही आणि सुधारकही. कोणापासून स्वतंत्र व्हायचे होते रशियाला? विद्यार्थी हा प्रश्न दरवर्षी विचारायचे. उत्तर: क्रेमलिनमधल्या गोर्बाचेव्हपासून. येल्तसिनना गोर्बाचेव्हची खुर्ची मिळत नव्हती, म्हणून त्या खुर्चीखालची जमीनच काढून घ्यायची होती.

मग ज्याला 'कायद्यांचे युद्ध' म्हणतात ते सुरू झाले. एक एक प्रजासत्ताक सार्वभौमत्व जाहीर करत सुटले. रशियाने कारखान्यांना सांगितले, संघाच्या नोंदीतून निघून आमच्या नोंदीत या, कर कमी लावू. कारखाने गेले. संघाच्या तिजोरीत पैसा येईना, तेव्हा नोटा छापल्या. जानेवारी १९९१ मध्ये पंतप्रधान पाव्लोव्ह यांनी ५० आणि १०० रूबलच्या नोटा रात्री नऊच्या बातम्यांत रद्द केल्या आणि बदलून घ्यायला तीन दिवस दिले. मराठी वाचकाला त्यानंतर बँकांपुढे काय दृश्य होते ते सांगायची गरज नाही.

"सैन्य का वापरले नाही?" वापरले. एप्रिल १९८९ मध्ये तिबिलिसीत सैनिकांनी फावड्यांनी आणि विषारी वायूने निदर्शकांवर हल्ला केला, वीसेक माणसे मेली, त्यात बहुतेक स्त्रिया. जानेवारी १९९० मध्ये बाकूत शंभराहून अधिक. १३ जानेवारी १९९१ ला व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी चौदा. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी एकच तमाशा: हुकूम कोणी दिला? गोर्बाचेव्ह म्हणत मला माहीत नव्हते, मंत्री म्हणत आम्ही नाही, आणि बोट खाली खाली सरकत सेनाधिकाऱ्यावर येऊन थांबे. व्हिल्नियसनंतर येल्तसिन त्याच दिवशी टालिनला गेले आणि रशियन सैनिकांना आवाहन केले की लोकांवर शस्त्र उचलू नका. अधिकाऱ्यांनी यातून धडा घेतला तो असा: लेखी आदेशाशिवाय हलायचे नाही. हे लक्षात ठेव, कारण ऑगस्टमध्ये नेमके हेच झाले.

१७ मार्च १९९१ चे सार्वमत नेहमी विचारले जाते. ७६ टक्के लोकांनी 'नूतनीकृत संघ' हवा असे सांगितले, मग लोकांना संघ नको होता कसे म्हणता? दोन गोष्टी पाहा. सहा प्रजासत्ताकांनी सार्वमत घेतलेच नाही. आणि युक्रेनने त्याच दिवशी स्वतःचा दुसरा प्रश्न विचारला, युक्रेनच्या सार्वभौमत्वाच्या घोषणेच्या आधारे संघात राहायचे का, त्याला ८० टक्के होकार. रशियाने त्याच दिवशी विचारले, रशियाला लोकनियुक्त अध्यक्ष हवा का? हवा. १२ जूनला येल्तसिन ५७ टक्के मतांनी निवडून आले. गोर्बाचेव्ह संघाचे अध्यक्ष होते, पण त्यांना काँग्रेसने निवडले होते. जनतेपुढे ते कधी गेलेच नाहीत. १९९० मध्ये जायला हवे होते, कदाचित जिंकलेही असते. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी चूक.

नवा, सैल संघ-करार २० ऑगस्टला सह्यांसाठी ठरला. तो होऊ नये म्हणून १९ तारखेला, सोमवारी पहाटे, आठ जणांची आणीबाणी समिती पुढे आली: उपाध्यक्ष यानायेव्ह, पंतप्रधान पाव्लोव्ह, केजीबीचे क्र्युच्कोव्ह, संरक्षणमंत्री याझोव्ह, गृहमंत्री पूगो आणि आणखी तिघे. देशाची सगळी दंडशक्ती या यादीत आहे. गोर्बाचेव्हना क्रिमियातल्या फोरोस इथल्या बंगल्यात फोन तोडून अडकवले. दूरचित्रवाणीवर बातम्यांच्या मधल्या वेळात 'स्वान लेक' हा बॅले. सोव्हिएत लोकांना नेता मेल्यावर असेच काहीतरी लावतात हे ठाऊक होते.

संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत यानायेव्ह बोलत होते आणि कॅमेऱ्याने त्यांचे हात टिपले. ते थरथरत होते. एका तरुण महिला पत्रकाराने उभे राहून विचारले की तुम्ही काल रात्री सत्तापालट केला हे तुम्हाला कळते आहे का. येल्तसिनना पहाटेच उचलायला हवे होते, उचलले नाही. ते रशियन संसदेच्या इमारतीत पोचले, रणगाड्यावर चढले, आणि ते दृश्य त्याच रात्री सरकारी बातम्यांत दिसले. दोन रात्री लोक इमारतीभोवती उभे राहिले, तीन तरुण मेले. केजीबीची 'अल्फा' तुकडी हल्ल्याच्या तयारीत होती, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या लेखी हुकमाची वाट पाहत राहिला. २१ तारखेला याझोव्ह यांनी सैन्य मागे घेतले. पूगोने आत्महत्या केली. देश वाचवायला निघालेल्या या आठ जणांनी देशाचे जे केले ते सीआयएला चाळीस वर्षांत जमले नाही.

कारण आता सगळेच पळाले. २४ ऑगस्टला युक्रेनच्या संसदेने स्वातंत्र्य जाहीर केले. त्यात कम्युनिस्टांचे बहुमत होते. मॉस्कोत येल्तसिन पक्षावर बंदी आणत होते, तेव्हा कीव्हच्या पक्षनेत्यांना मॉस्कोपासून लांब जाण्यातच सुरक्षितता दिसली. घर फिरले की वासेही फिरतात. १ डिसेंबरच्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक युक्रेनियन मतदारांनी स्वातंत्र्याला होकार दिला, डोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये ८३ टक्क्यांच्या वर, क्रिमियात ५४. पाच कोटींच्या युक्रेनशिवाय संघ चालवण्यात येल्तसिनना रस नव्हता.

८ डिसेंबरला बेलारूसच्या बेलोवेझ जंगलातल्या विस्कुली या शिकारगृहात येल्तसिन, युक्रेनचे क्राव्चुक आणि बेलारूसचे शुश्केविच भेटले. शुश्केविचना मुळात हिवाळ्यासाठी तेल आणि गॅस मागायचा होता. करार करायची वेळ आली तेव्हा तिथे कॉपी काढायचे यंत्र नव्हते. मसुदे फॅक्सच्या यंत्रातून फिरवून प्रती काढल्या. कायदेशीर युक्तिवाद काय, तर १९२२ चा करार चौघांनी केला होता, त्यातले ट्रान्सकॉकेशिया १९३६ मध्येच विसर्जित झाले, उरलेले तिघे आम्ही, करार केला तसा मोडतो. लेनिनने हट्टाने लिहून घेतलेला तो कागद एकोणसत्तर वर्षांनी असा कामाला आला. रशियन संसदेने १२ तारखेला हा करार १८८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. मते देणाऱ्यांत पुन्हा कम्युनिस्ट होतेच.

आता उरलेले प्रश्न. जगात तीन कम्युनिस्ट देश संघराज्य होते: सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया. तिन्ही फुटले, आणि आधीच आखून ठेवलेल्या अंतर्गत सीमांवरच फुटले. पोलंड, हंगेरी, रुमेनिया, बल्गेरिया इथे राजवट गेली, नकाशा राहिला. क्यूबा आणि उत्तर कोरियाच्या पोटात दुसऱ्या संसदा आणि झेंडे नाहीतच. चीनमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक हान आहेत, राज्य एकात्म आहे, आणि तिथे बाजार उघडताना पक्षाला हात लावला नाही. जून १९८९ मध्ये तियानानमेन चौकातल्या निदर्शकांवर सैन्य घातले तेव्हा हुकूम कोणी दिला याबद्दल कोणाला शंका नव्हती.

अमेरिकेबद्दल: १ ऑगस्ट १९९१ ला अध्यक्ष बुश कीव्हमध्ये जाऊन युक्रेनियन संसदेला सांगत होते की आत्मघातकी राष्ट्रवादाच्या मागे लागू नका. अण्वस्त्रे चार देशांच्या हातात जातील या भीतीने वॉशिंग्टनला संघ टिकायलाच हवा होता. विकत घेणारा असा वागत नाही. गोर्बाचेव्ह मूर्खही नव्हते. त्यांनी घटनेतल्या शब्दांवर विश्वास ठेवला. त्यांना खरेच वाटत होते की लोकांनी हा संघ आपणहून निवडला आहे आणि मोकळीक दिली तर पुन्हा निवडतील. त्यांच्या आधीच्या नेत्यांपैकी लेनिननंतर कोणाचा असा गैरसमज असेल असे मला वाटत नाही. आणि ते चुकले आहेत हे दिसल्यावर त्यांनी रक्ताचे पाट वाहवले नाहीत, याचे श्रेय त्यांना रशियात आजही फारसे कोणी देत नाही.

२५ डिसेंबरला त्यांनी राजीनाम्यावर सही करायला पेन काढले तर ते चालेना. समोर चित्रीकरणासाठी आलेल्या सीएनएनच्या प्रमुखांनी आपले दिले. येल्तसिन अण्वस्त्रे डागण्याच्या संकेतांची पेटी घ्यायला यायचे होते, पण भाषणावर चिडून आलेच नाहीत, सेनाप्रमुख शापोश्निकोव्ह येऊन घेऊन गेले. लाल झेंडा क्रेमलिनवरून त्याच संध्याकाळी उतरला. कायद्याने मात्र देश एक दिवस आणखी जगला. २६ तारखेला सर्वोच्च सोव्हिएतचे वरचे सभागृह बसले, बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण प्रजासत्ताकांनी आपले प्रतिनिधी परत बोलावले होते. जे थोडे आले त्यांनी हात वर करून ठराव केला की सोव्हिएत संघ आता अस्तित्वात नाही, आणि कोट घालून बाहेर पडले.